परक्यांच्या मांडीवर



डिंकाच्या लाडवांवर लिहून झालं, बाळंतशोपेवर लिहून झालं, कांदा-लसूण न खाता दूध कसं वाढवायचं यावरही दोनदा लिहून झालं. आज स्वयंपाकघराच्या थोडं बाहेर जाऊ या. आज इतिहासात डोकवायचं आहे, पण तुम्ही घाबरू नका, बाळ मांडीवरच आहे.

माझं सासर माहूरचं. माहूर म्हटलं की नांदेडकर, लातूरकर, यवतमाळकर सगळ्यांचे हात आपोआप जोडले जातात. इथे तीन डोंगर आहेत. एकावर रेणुकामाता, एकावर दत्तशिखर आणि पुढे अनसूयामाता. आपण जैन. आपल्या पुराणांत या तिघांचं स्थान नाही. पण माहूरमध्ये नांदायला आलेल्या बाईला या गोष्टी ऐकल्याशिवाय राहताच येत नाही. दळण आणायला गेलं तरी गिरणीत कुणीतरी त्याच सांगत असतं.

रेणुकेची इथली कथा अशी. आईवडील गेले, परशुराम त्यांना कावडीत घेऊन रानोमाळ निघाला. अंत्यविधीला कोरी भूमी हवी होती. ती त्याला माहूरला मिळाली आणि विधी सांगायला दत्तात्रेय पुढे आले. पुढे आईच्या आठवणीनं तो रडू लागला तेव्हा ती जमिनीतून वर येऊ लागली. मागे वळून पाहू नको असं बजावलं होतं, त्यानं पाहिलं, आणि आई मुखापर्यंतच वर आली. म्हणून इथे देवीचा तांदळा आहे, फक्त मुख. गावातल्या तळ्याचं नावही मातृतीर्थ.

अनसूयेची कथा तर तुम्हा सगळ्यांना ठाऊक. दारात तीन अनोळखी पाहुणे येतात, जेवायला मागतात, आणि वर अशी अट घालतात की कुठलीही बाई लाजेनं मरेल. ती त्यांच्यावर पाणी शिंपडते, त्यांची तान्ही बाळं करते आणि पोटाशी घेते. एका वेळी तीन! माझं एकच आहे तर दुपारी दोनपर्यंत वेणी होत नाही.

या कथा मी आल्यापासून ऐकत होते, पण त्यांच्याकडे नीट पाहिलं ते बाळ झाल्यावर. दोन्हीकडे नात्याबाहेरचं माणूस आहे. परशुरामाला विधी सांगणारा त्याचा काका-मामा नाही. अनसूयेच्या मांडीवरची बाळं तिची नाहीत. आईपणाचं क्षेत्र म्हणून प्रसिद्ध असलेल्या गावाच्या दोन मुख्य कथांत परकं माणूस असं मध्यभागी असावं, याचं मला फार नवल वाटलं. आणि थोडं बरंही वाटलं.

बरं वाटायला कारण होतं. माझं माहेर औशाकडचं, पण आई चार वर्षांपूर्वी गेली. पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना, तर माझ्या माहेरी बाळंतपण करायला बाईच नव्हती. सासूबाईंनी सगळं केलं, अगदी शेक-शेगडीपासून. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण बाळ रात्री दोन वाजता रडतं तेव्हा ज्या एका व्यक्तीला फोन करून ‘हे असंच असतं का?’ म्हणून विचारायचं असतं, ती व्यक्ती नव्हती. त्या वर्षात मला जी माया मिळाली त्यातली अर्धी तरी अशा बायांकडून मिळाली ज्यांचं नाव मी आजही सांगू शकणार नाही. मग वाटलं, आपल्याआधीच्या बाळंतिणींचं कसं होत असेल? लेकरू कडेवर आणि माहेर दूर, अशा बाया या रस्त्यावरून कधी गेल्या असतील का?

गेल्या होत्या. आणि त्यातली एक तर इतकी मोठी की तिचं नाव घेतलं की सगळ्यांना संगमरवरच आठवतो.

माहूर आज तालुक्याचं छोटं गाव आहे. पण अकबराच्या काळातल्या ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्यासारखं ठाणं, म्हणून माहूरची नोंद आहे. वर किल्ला, खाली पैनगंगेचं खोरं, उत्तरेतून तेलंगणाकडे जाणारी वाट. त्या काळी इथे उदाराम नावाच्या मातब्बर ब्राह्मण सरदाराचा अंमल होता. तो आधी मलिक अंबरच्या बाजूला होता, मग मोगलांकडे गेला. (याच देशमुख घराण्यातली सावित्रीबाई म्हणजे रायबाघन. १६६१ साली उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखान शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडला, तेव्हा त्याच्या सैन्यात ही होती. तिच्यावर स्वतंत्र लिहायला हवं.)

१६२३ साली शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, बापाविरुद्धचं बंड फसल्यामुळे पळत होता. मागे जहांगीराची फौज. बुऱ्हाणपूर सुटलं, तापी ओलांडली, आणि तो माहूरला आला. जड सामान आणि हत्ती त्यानं माहूरच्या किल्ल्यात उदारामाच्या हवाली केले आणि हलका होऊन गोवळकोंड्याच्या मुलखात शिरला. तिथून ओरिसा, मग बंगाल, मग बिहार. इतिहासाच्या पुस्तकात हे एका वाक्यात संपतं. हत्ती ठेवले, पुढे गेला.

पण त्याच्याबरोबर बायको होती. अर्जुमंद बानू, म्हणजे मुमताज महल. आणि मुलं होती. थोरली जहांआरा १६१४ची, दारा १६१५चा, शुजा १६१६चा, रोशनआरा १६१७ची, औरंगजेब १६१८चा. म्हणजे माहूरच्या वाटेवर होते तेव्हा सर्वांत मोठी नऊ वर्षांची आणि औरंगजेबाला पाचही पुरी झाली नव्हती. आपण एक मूल घेऊन नांदेडला जाऊन यायचं म्हटलं तर किती पिशव्या होतात! आणि हिचं पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १६२४मध्ये, बिहारमधल्या रोहतासच्या किल्ल्यात आणखी एक बाळंतपण झालं. तोच मुराद. म्हणजे माहूर सोडल्यावरच्या त्या वणवणीतच तिला दिवस गेले आणि वणवणीतच ती बाळंतीण झाली.

हे वाचल्यावर मला हत्तींमध्ये काही रस उरला नाही. मला प्रश्न पडले ते वेगळेच. दूध कोणाच्या गाईचं? मुलांची दुपटी कुठे वाळली? ताप आला तर कुणी काढा दिला? शाही काफिल्याबरोबर दाया असतात, हकीम असतात, हे खरं. पण पळणाऱ्या काफिल्याला वाटेतल्या गावांवरच जगावं लागतं. वाटेतल्या कुठल्यातरी बाईनं आपल्या चुलीवर पाणी तापवलं असेल, कुणीतरी लाकडं दिली असतील. हे लिहून ठेवणारा कुणी नव्हता. तवारिखा लिहिणारे पुरुष हत्ती मोजत होते.

त्या मुलांचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण ते मला फार लागलं. १६२६मध्ये खुर्रमनं बापाशी समझोता केला, तेव्हा चांगल्या वागणुकीचा जामीन म्हणून दारा आणि औरंगजेब या दोन मुलांना आजोबांच्या दरबारी पाठवावं लागलं. औरंगजेब तेव्हा जेमतेम आठ वर्षांच्या घरातला. आईची आणि त्याची भेट झाली ती आजोबा गेल्यावर, १६२८मध्ये. आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, जून १६३१मध्ये, बुऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात ती गेली. चौदा मुलं, त्यातली सात जगली. सम्राटाची बायको, हाताशी सगळे वैद्य-हकीम, आणि तरीही. आपल्या आज्या ‘बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म’ म्हणायच्या, तेव्हा आम्ही मुली हसायचो.

आता दायांबद्दल. नाव उरलेल्या दाया फारच थोड्या. शाहजहानला ज्या बाईनं पाजलं ती दाई अंगा या नावानं ओळखली जाते. लाहोरमध्ये तिच्या नावाची मशीद आहे, १६३५ची, निळ्या-पिवळ्या कौलकामाची. स्वतःच्या मुलाव्यतिरिक्त कुणाला पाजलं म्हणून नाव राहिलेली बाई! आणि आपल्याकडची अशी बाई म्हणजे धाराऊ.

संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ला पुरंदरावर झाला. सईबाईंची प्रकृती बाळंतपणानंतर सुधारलीच नाही. त्यांना पुरेसं दूध नव्हतं. तेव्हा कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातली धाराऊ बाळाला पाजायला आली. तिला वर्षाला २६ होनांची नेमणूक होती असं सांगतात, आणि तिचे मुलगे अंतोजी आणि रायाजी पुढे संभाजीराजांच्या चाकरीत होते. सईबाई ५ सप्टेंबर १६५९ला राजगडावर गेल्या, तेव्हा बाळ सव्वादोन वर्षांचं होतं. आपण शाळेत त्या वर्षाबद्दल काय शिकतो? अफजलखान. नोव्हेंबर १६५९. त्या दोन महिन्यांत महाराजांच्या घरात आईविना एक लेकरू होतं, जिजाऊंच्या मांडीवर आणि धाराऊच्या अंगाखांद्यावर, हे मला बाळ होईपर्यंत कधी सुचलंही नव्हतं.

माझ्या मनात एक गोष्ट मात्र राहून राहून येते. धाराऊ आली तेव्हा तिचं स्वतःचंही लेकरू अंगावर पीत असणार, नाहीतर दूध कुठून? राजाच्या घरून बोलावणं आलं तर ‘नाही’ म्हणायची सोय किती असते? तिच्या मायेवर मला शंका नाही. पण अशा गोष्टी सांगताना आपण फक्त पाजणारीचा मोठेपणा सांगतो आणि तिच्या घरच्या पाळण्याबद्दल गप्प बसतो. दाई अंगाचंही तेच.

आणि हे आपल्या घरांतही होतं, मैत्रिणींनो. राजवाड्यापर्यंत जायलाच नको.

आमच्या आजेसासूबाई, म्हणजे सासऱ्यांच्या आई, नव्वदीला आल्या होत्या तेव्हा मी लग्न होऊन आले. त्यांची सगळी बाळंतपणं याच घरात, मागच्या अंधाऱ्या खोलीत झाली. सुईण येई. मराठवाड्यात सुईणपण बहुतेक मांग समाजातल्या बाया करत, काही ठिकाणी न्हावी समाजातल्या. कळा सुरू झाल्या की गडी धावत जाऊन तिला बोलावून आणी. ती आली की घर तिच्या ताब्यात. मोठ्या सासूलाही ती म्हणे, ‘बाहेर व्हा माय, गर्दी करू नका.’ नाळ कापणं, वार पुरणं, बाळाला पहिली आंघोळ, बाळंतिणीच्या अंगाला तेल, टाळू भरणं, पायावर घेऊन न्हाऊ घालणं, शेगडीवर ओवा टाकून धुरी देणं. दहा दिवस ती रोज यायची. पाचवीला सटवाईपुढे कागद-लेखणी ठेवायलाही तीच सांगायची, आणि आमच्या घरी ‘कर्म आधीच बांधलेलं असतं, सटवाई काय लिहिणार’ असं म्हणत म्हणत कागद-लेखणी ठेवलीही जायची!

मग दहाव्या दिवशी सूतक फिटायचं. घर धुतलं जायचं. सुईणीला लुगडं-चोळी, पायलीभर ज्वारी, गूळ, नारळ. आणि त्या दिवसापासून ती पुन्हा अंगणाच्या अलीकडे येत नसे. पाणी वरून ओतलेलं. जिच्या हातात बाळानं पहिला श्वास घेतला, त्या बाईनं आठवडाभरानं त्याच बाळाला शिवलं तर आंघोळ.

आजेसासूबाईंनी हे मला रडून वगैरे सांगितलं नव्हतं. वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘तिच्या हातची आंघोळ बंद झाली की लेकरू चार-चार दिवस किरकिर करायचं. आम्हाला वाटायचं दृष्ट लागली. ते तिला शोधायचं.’ एवढंच म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली.

आपण जैनांनी यात स्वतःला वेगळं काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या घरांत मुंगीला जपतात, पाणी गाळून पितात, आणि ही प्रथाही होती. आपला ‘रत्नकरंड श्रावकाचार’ काढून बघा. समंतभद्राचार्यांनी त्यात म्हटलं आहे की सम्यग्दर्शन असलेला मनुष्य मातंगाच्या देहातून जन्मलेला असला तरी तो देवासारखा, राखेखाली झाकलेल्या निखाऱ्यासारखा. शब्द ‘मातंग’च आहे. स्वाध्यायात हा श्लोक आपण कितीदा म्हटला असेल. अस्पृश्यता संविधानानं १९५०मध्ये रद्द केली, १९५५मध्ये तिच्याविरुद्ध कायदा झाला. आमच्या मागच्या खोलीतलं शेवटचं बाळंतपण त्याच्याही नंतरचं आहे.

आता दवाखान्यात बाळंतपणं होतात आणि ते चांगलंच आहे. मुमताजबद्दल वाचल्यावर तर मला आधुनिक भूल देणाऱ्यांच्या पायाच पडावंसं वाटतं. २००५पासून गावोगावी आशाताई आल्या, त्याच वर्षी जननी सुरक्षा योजना आली. अंगणवाडी त्याआधीची, २ ऑक्टोबर १९७५ला देशभरात फक्त ३३ प्रकल्पांपासून सुरू झालेली. आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीताई बाळाचं वजन करायला येतात तेव्हा काट्याच्या झोळीत त्याला असं अलगद ठेवतात की ते हसतं. मी ठेवलं की रडतं. वजन वाढलं की त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त आनंद होतो, ‘तीनशे ग्रॅम वाढला हो राजा!’ म्हणून शेजारच्या घरातही सांगून येतात.

पुराणांकडे वळते, कारण या सगळ्या वाचनात मला आपल्या पद्मपुराणाचा फार आधार वाटला. रविषेणाचार्यांनी सातव्या शतकात लिहिलेलं हे रामकथेचं आपलं रूप. त्यात वाल्मीकींचा आश्रम नाही. गरोदर सीतेला सेनापती कृतांतवक्त्र रानात सोडून जातो. ती रडत बसलेली असते. तिथे पुंडरीकपूरचा राजा वज्रजंघ येतो, हत्ती पकडायला आलेला. त्याचं आणि तिचं काही नातं नाही. तिला पाहून तो काय करतो? चौकशी करतो, ऐकून घेतो, आणि तिला धर्माची बहीण मानून घरी नेतो. लवण आणि अंकुश यांचा जन्म त्याच्या घरी होतो. म्हणजे रामाच्या मुलांची पाचवी-बारशी, जावळ, पहिलं पाऊल, सगळं एका परक्या माणसाच्या अंगणात.

लहानपणी पाठशाळेत ही कथा ऐकली तेव्हा मला युद्धाचा भाग आवडायचा, बापलेकांचं. आता मी वज्रजंघापाशीच थांबते. एक तर तो तिला दोष देत नाही. नवऱ्यानं टाकलेली, दिवस गेलेली बाई, त्या काळात काय, आजही लोक काय काय विचारतील! आणि दुसरं, तो तिला ‘बहीण’ म्हणतो. म्हणजे तिला माहेर देतो. बाळंतिणीला काय लागतं ते त्या राजाला बरोबर कळलं होतं.

त्याच ग्रंथात अंजनेची गोष्ट आहे. सासूनं संशय घेऊन हाकललेली, बापानंही दार न उघडलेली. बरोबर फक्त मैत्रीण वसंतमाला. गुहेत हनुमानाचा जन्म होतो. मग आकाशमार्गे जाणारा प्रतिसूर्य नावाचा विद्याधर त्यांना पाहून खाली उतरतो, आणि बोलता बोलता कळतं की तो तिचा मामाच आहे. तो त्यांना घेऊन निघतो, वाटेत बाळ विमानातून खाली दगडावर पडतं, आणि दगड फुटतो, बाळ हसत असतं. (हे वाक्य मी बाळ पलंगावरून पडलं त्या दिवशी स्वतःला दहा वेळा सांगितलं. बाळ ठीक होतं. फरशीही ठीक होती.) मला या गोष्टीत मामापेक्षा वसंतमाला मोठी वाटते. मामा नंतर आला. गुहेत पालापाचोळा पसरून मैत्रिणीचं बाळंतपण केलं ते तिनं.

आता माझ्या रस्त्याची गोष्ट. बाळ तीन महिन्यांचं होतं, नांदेडच्या मंदिरात दर्शन करवून, कानात णमोकार म्हणवून आम्ही परत येत होतो. यांना कामासाठी थांबावं लागलं म्हणून मी आणि बाळ दोघंच. धनोडा फाट्यावर उतरले, तिथून पैनगंगेचा पूल ओलांडून माहूर जवळच, पण पुढची गाडी यायला वेळ होता. सूर्य खाली चाललेला. बाळानं सूर लावला.

फाट्यावरच्या चहाच्या टपरीतल्या बाईनं आधी मला आत ओढून घेतलं, दाराला साडीचा आडोसा केला आणि म्हणाली, ‘पाज निवांत.’ मी उकळलेलं पाणी मागितलं. चहाचं पातेलं चालणार नाही हे मी बोलायच्या आत तिनं वेगळं पातेलं घेतलं, माझ्यासमोर घासलं, गाळणं म्हणून स्वच्छ पंचा लावला आणि पाणी उकळायला ठेवलं. मी बघतच राहिले. ती म्हणाली, ‘उमरखेडला जैनांच्या घरी कामाला होते चार वर्षं. तुमच्यात दिवे लागल्यावर जेवत नाहीत ना? मग आत्ताच खाऊन घे, ओल्या बाळंतिणीनं उपाशी राहू नाही.’ आणि गरम भाकरी, वरण, त्यात लसूण नाही हे दोनदा सांगून. पैसे पाण्याचेही घेतले नाहीत. मी फार आग्रह केला तेव्हा म्हणाली, ‘बाळाच्या बारशाला बोलाव.’ बारसं होऊन अडीच महिने झाले होते, हे मी तिला सांगितलं नाही.

तिथेच बाकावर एक बंजारा आजी बसली होती. हातभर बांगड्या, भिंगाची कांचळी. आमच्या किनवट-माहूर भागात तांडे पुष्कळ. तिनं बाळाला माझ्याकडून घेतलं, विचारलंसुद्धा नाही, पायावर पालथं टाकलं आणि पाठीवर थोपटायला लागली. त्यानं मोठा ढेकर दिला आणि शांत झालं. मग तिनं कनवटीची पुरचुंडी काढली, वेखंडाचा तुकडा होता. उगाळून चाटवणार होती. मध्येच थांबून मला म्हणाली, ‘मध चालतो का तुमच्यात?’ नाही म्हटलं. तशी पुरचुंडी पुन्हा कनवटीला गेली, राग नाही की आग्रह नाही. (मध आपल्याकडे वर्ज्यच आहे, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर डॉक्टरही मध देऊ नका म्हणतात, हे नव्या आयांनी लक्षात ठेवा. वेखंडही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.)

आपल्याकडे एसटीच्या अनेक बसस्थानकांवर आता हिरकणी कक्ष असतो, अंगावर पिणाऱ्या बाळांच्या आयांसाठी. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून कोजागिरीच्या रात्री कडा उतरून बाळाकडे गेलेली ती गवळण. या गोष्टीला कागदाचा पुरावा नाही, बुरूज मात्र आहे, आणि १९८२च्या एशियाडच्या नावानं सुरू झालेल्या आरामगाड्यांनाही पुढे तिचंच नाव मिळालं. आमच्या या भागात एसटी तशी उशिरा आली. इथे निजामाचं राज्य होतं, किनवट तालुका १९५६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि निजामाच्या सरकारनं १९३२ला बससेवा काढली ती सगळ्या हैदराबाद संस्थानासाठी २७ गाड्यांची. आजेसासूबाई माहेराहून लेकरू घेऊन आल्या त्या छकड्यातून, दोन मुक्काम करून. ते मुक्काम कुणाच्या घरी, असं मी त्यांना विचारलं होतं. म्हणाल्या, ‘कुणाच्या म्हणजे? वाटेत ज्याच्या ओसरीला दिवा असेल त्याच्या.’

धनोड्याला माझी गाडी आली तेव्हा अंधार पडत होता. चहावालीनं पिशव्या चढवल्या. आजीनं बाळ माझ्या हातात दिलं आणि आपल्या ओढणीच्या काठाची एक कवडी तोडून त्याच्या दुपट्याला बांधली. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, ही जीवाची कवटी, बाळाच्या गळ्यात नको. खरंच आहे, आमच्या घरी शंख-शिंपलेही नसतात. मी ती सोडून खिडकीत ठेवली. सकाळी पाहते तर खिडकीत नाही. सासूबाईंनीच ती कागदात गुंडाळून बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाला पिनेनं टोचून ठेवली होती. अजून तिथेच आहे. मागच्या आठवड्यात नर्सनं विचारलं, हे काय म्हणून.